माझ्याच हातांची भीती

पहिल्या बाळंतपणानंतर मला एक आजार झाला. त्याचं नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं, घरात कुणालाच नव्हतं. ताप नव्हता, जखम नव्हती, दुखत काहीच नव्हतं. फक्त भीती होती आणि ती भीती माझी मलाच होती. बाळंतिणीनं असं काही सांगायचं नसतं, म्हणून मी पुष्कळ दिवस सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते अशा एखाद्या बाईसाठी, जिच्या मांडीवर बाळ आहे आणि डोक्यात असं काही आहे की ते ओठांवर आणण्यापेक्षा मरण बरं वाटतं. बाई गं, मी तिथं जाऊन आले आहे.

पावसाळ्यातलं बाळंतपण

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. माझे यजमान भास्कर एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई दिंडोरीकडच्या खेड्यात वाढलेल्या, बोलणं अजून तिकडचंच. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, म्हणून बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. मुलगी झाली ती ऐन श्रावणात. तिचं नाव उज्ज्वला, आम्ही उजू म्हणतो.

पावसाळ्यातलं बाळंतपण वेगळं आणि उन्हाळ्यातलं वेगळं, असं आत्याबाईंचं म्हणणं. पावसाळ्यात अंग गार पडू द्यायचं नाही. त्यामुळे बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी, जेवणानंतर चावायला पुन्हा शेपा, सकाळी दशमुळांचा कडू काढा, संध्याकाळी गवती चहा आणि आलं उकळलेलं पाणी. उजूच्या टाळूवर तेल, गळ्यात वेखंडाचा तुकडा. साऱ्या घराला त्या धुराचा आणि ओल्या कपड्यांचा मिळून एक वास यायचा. बाहेर आभाळ कित्येक दिवस उघडत नव्हतं. दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागायचा. पहिला आठवडा मी खूप थकलेली होते, पण सुखात होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांना वाटलं की मला मूलच नको होतं. तसं नव्हतं. तिच्या पायाची बोटं मी पुन्हा पुन्हा बघत बसायची.

मग एका सकाळी आत्याबाई निखारे आणायला बाहेरच्या चुलीकडे गेल्या होत्या. माझ्यासमोर विळी होती, मी मेथी निवडत होते. उजू शेजारी दुपट्यावर झोपली होती. आणि माझ्या मनात आलं की ही विळी उचलली तर.

एवढंच. पुढचं मनात चित्रासारखं दिसलं. ते मी लिहिणार नाही.

मी विळी पायानं लांब ढकलली आणि भिंतीला टेकून बसले. आत्याबाई आत आल्या तेव्हा मी मेथीची जुडी घट्ट धरून बसले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. चक्कर आली म्हणून सांगितलं.

काय काय लपवलं

मला वाटलं, एकदाच आलं, गेलं. पण तो विचार परत आला आणि येताना आणखी विचार घेऊन आला. शेगडी दिसली की निखारे. न्हाणीत गेले की गरम पाण्याचं घंगाळ. अंथरुणात उशी. शेजारणीकडे जायचं तर दुसऱ्या मजल्याचा कठडा. घरातली कोणतीच वस्तू साधी राहिली नाही. प्रत्येक वस्तू मला विचारायची, तू हिच्यानं काय करशील?

मी विळी बाजेखालच्या पत्र्याच्या पेटीत घातली. आत्याबाई शोधत राहिल्या. मग मी उजूला न्हाऊ घालायला नाही म्हणू लागले. हात दुखतात, कंबर दुखते, काहीही सांगायची. पाजायला मात्र घ्यावंच लागायचं. तेव्हा मी दोन्ही हात तिच्या पाठीखाली अशा तऱ्हेनं धरायची की बोटं एकमेकांत अडकलेली असतील आणि मोकळी राहणार नाहीत. ती दूध पिताना माझ्याकडे टक लावून बघायची. मी भिंतीकडे बघायची.

झोप गेली. जेवण जाईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाले, टॉनिकची बाटली दिली. त्यांची चूक नाही, मी त्यांना चक्कर येते एवढंच सांगितलं होतं. समोरच्या खोलीतल्या बाईंनी आत्याबाईंना सुचवलं की सुनेला बाहेरचं काही लागलं असेल, त्र्यंबकला नेऊन शांती करून आणा. आम्ही बौद्ध. भास्करना हे कळलं असतं तर ते चिडले असते. पण आत्याबाईंनीच परस्पर उत्तर दिलं की आम्ही ते सारं सोडलं आहे, पोरीला काय झालंय ते आम्ही बघू. त्या दिवशी त्यांनी कडुनिंबाचा पाला जास्त जाळला, एवढंच. त्यांनाही भीती वाटत होती. धुरानं माझे डोळे भरून आले आणि मला त्या निमित्तानं मोकळं रडून घेता आलं.

कधी कधी मला वाटायचं, मी आतून वाईट आहे, ते आजवर झाकलेलं होतं आणि आता आई झाल्यावर बाहेर आलं. वर्गात चाळीस पोरं सांभाळणारी मी. कुणाला चापट मारतानाही हात आखडता घेणारी. पण मनात येतं ते खोटं कसं म्हणायचं?

निघून गेले तो दिवस

भाद्रपदातली दुपार होती. भास्कर पहिल्या पाळीला गेले होते. आत्याबाई रॉकेलच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, शेगडीकडे लक्ष ठेव. मी आणि उजू दोघीच.

ती रडायला लागली. मी तिला उचललं आणि शेगडीपासून लांब, दाराशी जाऊन उभी राहिले. ती काही केल्या थांबेना. माझ्या छातीत असं धडधडत होतं की तिच्या अंगालाही ते जाणवत असणार. मला एकच गोष्ट स्पष्ट दिसली. मी इथं नसले तर ती सुरक्षित आहे.

मी समोरच्या बाईंच्या दारावर थाप मारली, उजूला त्यांच्या हातात दिलं, दूध पाजलंय म्हणाले, आत्याबाई येतील म्हणाले आणि जिना उतरले. पायात चप्पल होती, छत्री नव्हती. सातपूरच्या थांब्यावर उभी राहिले. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात परत यायचं नव्हतं. पहिली जी बस आली तिच्यात चढले. ती शहरात जाणारी होती. ओल्या अंगाच्या कामगारांमध्ये मी उभी होते आणि माझं दूध ब्लाऊजमधून झिरपत होतं. एका म्हाताऱ्या बाईनं काही न बोलता मला बसायला जागा दिली आणि स्वतःचा पदर माझ्या अंगावरून पुढं ओढला. ती कोण होती माहीत नाही. तिच्या त्या पदरामुळेच मी बसमधून उतरून नदीकडे गेले नाही, मंगलकडे गेले असं मला वाटतं.

मंगल माझ्या शाळेतली सहशिक्षिका आणि मैत्रीण. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि बाळ कुठं आहे एवढंच विचारलं. सुखरूप आहे म्हटल्यावर तिनं मला कोरडी साडी दिली. आपल्या मुलाला पाठवून कारखान्यात भास्करना निरोप दिला. मग काय झालं म्हणून विचारलं. मला सांगता येईना. दर पावसाळ्यात मंगलला दम्यासारखा खोकला व्हायचा आणि त्यासाठी ती गंगापूर रोडच्या एका होमिओपॅथी डॉक्टरबाईंकडे जायची. ती म्हणाली, चल, त्या निदान ऐकून घेतात.

भीतीचे प्रकार

दवाखाना म्हणजे बंगल्याची पुढची खोली. कपाटात शाबूदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या आणि एका लाकडी पेटीत छोट्या तपकिरी कुप्या. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज थोडा बसका. त्यांनी माझी नाडी बघितली, जीभ बघितली, बाळंतपणाचं विचारलं. मंगलला बाहेर बसायला सांगितलं. मग ती लाकडी पेटी पुढ्यात ओढली.

त्या म्हणाल्या की ह्यात फुलांचे अर्क आहेत, विलायतेकडच्या झाडांचे. हे अंगाच्या दुखण्यावर देत नाहीत, मनाच्या अवस्थेवर देतात. कोणता द्यायचा ते ठरवायला मला विचारावं लागेल. तुला भीती वाटते हे दिसतंय. पण भीती एका प्रकारची नसते.

मग त्या एकेक प्रकार सांगत गेल्या, भाजीवालीनं भाज्या सांगाव्यात इतक्या साधेपणानं. ज्याची भीती वाटते ते नीट ठाऊक असतं, अशी एक. कुत्र्याची, अंधाराची, आजाराची. कशाची ते सांगताच येत नाही, नुसतं आत कापरं भरतं, अशी दुसरी. आपल्या माणसांना काही होईल ही तिसरी. मी प्रत्येकाला नाही म्हणत होते. तिसऱ्यापाशी थोडी अडखळले. त्यांनी ते पाहिलं असावं.

"आणखी एक असते," त्या म्हणाल्या. "आपल्याच हातून काही भयंकर होईल, अशी. माणसाला ते करायचं मुळीच नसतं. पण आपला ताबा सुटेल, असं वाटत राहतं. पुष्कळदा नव्या आयांना वाटतं. बाळाबद्दल."

मी त्या पेटीकडे बघितलं. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

मला जे सर्वांत जास्त हादरवून गेलं ते हे की त्या पेटीत ह्या भीतीचीही एक कुपी होती. म्हणजे कुठल्या तरी परमुलखात, कितीतरी वर्षांपूर्वी, कुणीतरी हेच दुखणं घेऊन कुणापाशी तरी गेलं होतं. मी पहिली नव्हते.

मी बोलले. विळीपासून बसपर्यंत सगळं. मध्ये त्यांनी एकदाही भुवई वर केली नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं की आता त्या पोलिसांना बोलावतील. त्यांनी मला पाणी दिलं, एका बाटलीत थेंब तयार केले, चेरी प्लम नावाच्या झाडाचे, आणि दिवसातून काही वेळा जिभेवर घ्यायला सांगितलं. बाटली माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"हे थेंब मी देते आहे. पण तुला थेंबांवर सोडणार नाही. तुला मनाच्या डॉक्टरांकडे जायला हवं, आणि लवकर. तुझ्या नवऱ्याशी मी आजच बोलणार आहे."

मी नको म्हणाले. मुलीला माझ्यापासून काढून घेतील म्हणाले. त्या म्हणाल्या, जी बाई बाळाला वाचवण्यासाठी स्वतः घर सोडून निघते, तिच्यापासून बाळाला धोका नसतो. धोका त्या बाईलाच असतो.

घरी

भास्कर कारखान्याच्या कपड्यांतच आले. डॉक्टरबाईंनी त्यांना आत घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रिक्षात आम्ही शेजारी बसलो. त्यांचा हात सीटवर माझ्या हाताजवळ होता, पण त्यांनी धरला नाही.

पुढचे काही दिवस मी कधी विसरणार नाही. ते मला काही टाकून बोलले नाहीत. पण मी उजूजवळ गेले की ते उठून उभे राहत. पेपर वाचत असले तरी पेपरावरून बघत. ते घाबरले होते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, मीही मला तशीच घाबरत होते. पण त्या नजरेनं मला वाटलं, झालं, आता खरंच ठरलं की मी कोण आहे.

आत्याबाईंना त्यांनीच सांगितलं. मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू येत होतं. मग त्या उजूला घेऊन आत आल्या आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवली. मी हात मागं घेतले.

"इचार आला म्हून हात उचलला का तू?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"मंग? इचार काय, कुत्र्यावानी येतो अन् जातो. तुझ्याच मांडीवर निजंल ती. मी हाय ना हितं बसलेली."

आणि त्या खरंच बसल्या. तांदूळ निवडत. माझ्याकडे एकदाही न बघता.

बरं वाटलं आणि पुन्हा पडले

थेंब सुरू केल्यावर मला बरं वाटलं. थेंबांनी, की बोलून टाकल्यानं, की आत्याबाई शेजारी बसू लागल्यानं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. थेंबांना ब्रँडीसारखा किंचित वास होता. भीती वर येऊ लागली की बाटली काढायची, थेंब मोजून जिभेवर घ्यायचे, डोळे मिटून बसायचं. तेवढ्या वेळात भीतीची पहिली लाट ओसरायची. गल्लीतल्या वैद्यांनी जटामांसीची मुळी दिली होती, ती रात्री पाण्यात भिजवून सकाळी घ्यायची. तिचा वास मातीसारखा, जुना. तोही मला आवडू लागला होता.

आणि इथंच घोटाळा झाला. बरं वाटतंय ना, मग मनाच्या डॉक्टरांकडे कशाला, असं मी म्हणू लागले. मनाचे डॉक्टर म्हणजे वेड्यांचे डॉक्टर, शाळेत कळलं तर काय. भास्करनाही ते सोयीचं वाटलं. डॉक्टरबाईंनी ठरवून दिलेल्या दिवशी आम्ही गेलोच नाही. पुन्हा कधी तरी म्हणून टाळलं.

पाऊस जाऊन ऊन पडलं तरी मी सावरले नाही. उलट एके दिवशी सगळंच बंद पडलं. आधी भीती तरी होती, आता भीतीच्या खाली काही उरलंच नाही. उजू रडली तरी मला लांबून कुणी दुसऱ्याचं मूल रडतंय असं वाटायचं. जेवण घशाखाली जाईना. थेंब घेतले, दुप्पट घेतले, काही नाही. मी भास्करना म्हणाले की उजूला दुसरी आई शोधा. अगदी शांतपणे म्हणाले. त्या शांतपणानं ते हादरले. तसेच उठून गंगापूर रोडला गेले. डॉक्टरबाई स्वतः आमच्याबरोबर रिक्षात बसून मनाच्या डॉक्टरांकडे आल्या.

ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझं ऐकलं, मग भास्करना आत बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं की हा बाळंतपणानंतरचा मनाचा आजार आहे, औषधानं बरा होतो, पण आता घरी ठेवून चालणार नाही. भास्करनी विचारलं की पुरती बरी होईल का. ते म्हणाले, होईल, वेळ लागेल. मी विचारलं, मी वेडी आहे का? त्यांनी सांगितलं की तुम्ही आजारी आहात. हे दोन शब्द वेगळे आहेत, हे मला तेव्हा पटलं नाही. पण मी सही केली.

दवाखान्यातले दिवस

लहानसं नर्सिंग होम होतं. वरच्या मजल्यावर बायकांची खोली, खिडक्यांना गज. साडीऐवजी गाऊन दिला, बांगड्या काढून घेतल्या. त्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं की मी इथून कधीच बाहेर पडणार नाही.

पण दिवस दिवसासारखेच असतात. सकाळी आया चहा घेऊन यायची, कप हातात देताना नाव घेऊन हाक मारायची. गोळ्या घ्यायच्या, नर्स तोंड उघडायला लावायची. गोळ्यांनी जीभ कोरडी व्हायची, डोळ्यांपुढे धूसर दिसायचं, चालताना पाय जड. औषधामुळे अंगावरचं दूध तोडावं लागलं. छातीवर घट्ट फडकं बांधून नर्सनं मला कुशीवर वळवलं, तेव्हा मी खूप रडले. त्या रडण्याचं मला पुढं बरं वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी मला काही तरी जाणवलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळाला रोज आणायचं. आत्याबाई रोज दुपारी बस बदलून उजूला घेऊन यायच्या, बाटलीत दूध, पिशवीत लंगोट. मी दारातूनच बघायची. जवळ घ्यायला धजायची नाही.

शेजारच्या खाटेवर सटाण्याकडची एक बाई होती, माझ्याहून मोठी, अहिराणी बोलणारी. तिचा तरणा मुलगा अपघातात गेला होता आणि तेव्हापासून ती बोलत नव्हती, असं आया सांगायची. मी तिथं असताना तिचा शब्द मी ऐकला नव्हता. एके दुपारी उजू आत्याबाईंच्या खांद्यावर रडत होती आणि मी नेहमीसारखी भिंतीला चिकटून उभी होते. ती बाई खाटेवर उठून बसली.

"पोरगी रडस," ती म्हणाली. "तिले ले ना जवळ."

खोलीतल्या सगळ्या तिच्याकडे वळून बघू लागल्या. त्या बाईपुढं मी नाही कशी म्हणणार होते? मी उजूला घेतलं. तो विचार आला, लगेच आला, नेहमीसारखा. मी उजूला धरून उभी राहिले आणि तो विचारही तसाच उभा राहिला. काही झालं नाही. ती माझ्या गळ्याशी तोंड घासत शांत झाली. ती बाई पुन्हा आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. मी घरी गेले तोपर्यंत ती पुन्हा काही बोलली नाही. तिचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही.

काय उपयोगी पडलं

थंडी पडू लागली तेव्हा मी घरी आले. गोळ्या पुष्कळ महिने चालू होत्या, हळूहळू कमी झाल्या. लोक विचारतात, मग ती फुलं आणि तो पालापाचोळा, त्याचा काय उपयोग? मी जे अनुभवलं तेच सांगते. आजार गोळ्यांनी हटला. थेंबांवर विसंबून मी मनाच्या डॉक्टरांना टाळलं, ते माझ्या जिवावर बेतलं असतं. पण ज्या प्रश्नानं माझं तोंड उघडलं तो प्रश्न त्या थेंबांच्या पेटीतून आला होता, हेही खरं आहे.

काढे, धुरी, तेल यांचं मी असं म्हणेन की त्यांच्यामुळे कुणी तरी रोज माझ्या अंगाला हात लावत होतं. आत्याबाईंनी माझ्या टाळूवर ब्राह्मीचं तेल जिरवलं, तेव्हा त्या बोटांत भीती नव्हती. सर्व जण माझ्याशी जपून, लांबून बोलत असताना हे फार मोठं होतं. पुढं मी ऋतू बदलला की स्वतःसाठी काही तरी करायचा नेम ठेवला. पावसाळ्यात गवती चहा, थंडीत तेल, आभाळ भरून राहिलं की दिवसा उजेडात गच्चीवर जाऊन बसणं. पण गोळ्या घेत असताना जटामांसी मात्र डॉक्टरांना विचारून बंद केली होती. हे सांगायला हवं, कारण घरगुती म्हणजे निरुपद्रवी असं आपण धरून चालतो.

भास्करना माझ्याजवळ पुन्हा निवांत बसता यायला माझ्या आजारापेक्षा जास्त वेळ लागला. त्यासाठी मी त्यांना दोष दिला नाही, पण मला त्रास झाला नाही असं नाही. आम्ही त्यावर कधी भांडलोही नाही. एक दिवस लक्षात आलं की मी उजूला वेणी घालते आहे, रिबीन कापायला हातात कात्री आहे आणि ते शेजारी घोरताहेत.

दुसऱ्यांदा

उजू शाळेत जायला लागल्यावर मला पुन्हा दिवस गेले. आम्ही ठरवून नाही, झालं. कळलं त्या दिवशी मला आनंदाआधी भीती वाटली, शरीराच्या जुन्या ओळखीची भीती. भास्करनी विचारलं, काय करायचं? मी म्हणाले, सगळ्यांना सांगायचं. सुईणीपासून मनाच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचं. तसंच केलं. आत्याबाई तेव्हा थकल्या होत्या, त्यांना दिसायचं कमी, पण त्या म्हणाल्या की मला मांडीवर द्या, मी बसते.

मुलगा झाला. घरी आले. काही दिवस सगळं ठीक होतं. भास्करनी रजा काढली होती.

एका दुपारी मी भाकरीला पीठ मळत होते. बाळ पाळण्यात होतं. चुलीवर पाणी उकळत होतं. आणि तो विचार आला. तोच, त्याच आवाजात, जणू मधली वर्षं तो दाराबाहेरच थांबला होता.

माझ्या हातांची बोटं पिठात तशीच थांबली. मागच्या वेळी ह्याच क्षणी मी चक्कर आली म्हणून सांगितलं होतं.

"अहो," मी हाक मारली. "आलाय तो विचार."

भास्कर बाहेरच्या खोलीत रेडिओ उघडून त्याच्या काट्याचा दोरा बसवत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला, आत आले. पाळण्याकडे गेले नाहीत. माझ्याजवळ पाटावर बसले, टोपलीतला लसूण पुढ्यात घेतला आणि सोलू लागले.

"बरं," ते म्हणाले. "येऊ दे. मी हितंच आहे."

मी पीठ मळलं. पहिली भाकरी फाटली. दुसरी चांगली झाली.